घरातील फायबर केबल स्वतः हलवताना

इंटरनेटची फायबर जोडणी देताना केबल ज्या भिंतीतून घरात शिरते, त्याच भिंतीवर डबा ठोकून जोडणारा मुलगा निघून जातो, आणि तो डबा आपल्याला खरोखर कुठे हवा होता हे दोन महिन्यांनी लक्षात येते. आमच्या अमळनेरच्या घरात तो बैठकीत, रस्त्याकडच्या खिडकीशेजारी बसला होता. कामाची खोली मात्र मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे, आणि मधल्या दोन भिंती जुन्या धाब्याच्या घराच्या, म्हणजे हातभराहून जाड मातीच्या, ज्यांतून वायफाय जेमतेम पाझरत होते. डबा हलवून द्यावा म्हणून केलेल्या विनंतीला पुढच्या तारखांशिवाय काही मिळेना, तेव्हा ते काम मी स्वतः केले. त्यातून आणि पुढे नातलगांच्या घरी केलेल्या अशाच कामांतून जे कळले, ते येथे मांडतो आहे.

आधी हद्द ठरवून घ्यावी. खांबापासून भिंतीपर्यंत येणारी काळी केबल, जिच्या अंगाला आधारासाठी पोलादी तार असते, ती कंपनीची असते आणि तिला आपण हात लावू नये. त्याच खांबावरून पुष्कळदा विजेच्या ताराही गेलेल्या असतात, आणि इंटरनेटसाठी शिडी लावून त्यांच्याजवळ जाणे हा शुद्ध अविचार आहे. आपले काम भिंतीच्या आत सुरू होते. तिथे बहुधा एक लहानसा प्लास्टिकचा टर्मिनेशन बॉक्स असतो आणि त्यातून निघालेली पातळ पॅचकॉर्ड ओएनटीला, म्हणजे ज्याला आपण सर्रास राउटर म्हणतो त्या डब्याला, जोडलेली असते. ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदलेला असल्यामुळे बाजारातून दुसरा आणून लावला तर तो सहसा चालत नाही, पण तोच डबा त्याच केबलवर घरात कुठेही नेता येतो. हलवताना त्याच्या मागचे रीसेटचे बटण मात्र दाबू नये. आत भरलेले युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले, तर ज्या कंपनीला टाळून काम करायचे होते तिच्याच दारात पुन्हा उभे राहावे लागते.

फायबर हलवणे खरोखर आवश्यक आहे का, हा प्रश्न येथेच विचारावा, कारण निम्म्या घरांत त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते. ओएनटी जागच्या जागी ठेवून त्याच्या लॅन पोर्टमधून कॅट-६ वायर हव्या त्या खोलीत नेली आणि तिथे एक साधा वायफाय राउटर बसवला, तर तेवढ्याने काम होते. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, हवी तशी कापता येते आणि तिचे टोक क्रिम्पिंगच्या पक्कडीने कोणालाही बसवता येते. ओएनटी चुकीच्या जागी तापत असेल, बैठकीची दुरुस्ती निघाली असेल किंवा जुनी पॅचकॉर्ड उंदराने कुरतडली असेल, तरच फायबरला हात घालावा.

काम सुरू करण्यापूर्वी ओएनटीपर्यंत किती प्रकाश पोहोचतो याची नोंद करावी. ब्राउझरमध्ये डब्याच्या मागच्या चिकटपट्टीवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाकून आत गेले की ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ या नावाखाली उणे चिन्हाचा एक आकडा डीबीएम या प्रकाशाच्या ताकदीच्या एककात दिसतो; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे २० डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा शंभरावा भाग, आणि घरगुती जीपॉन (एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट देणाऱ्या) जोडण्यांत सर्रास दिसणारा ओएनटी साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात काम करतो. उणे २७ ही शेवटची कड असल्यामुळे माझा स्वतःचा दंडक उणे २५चा आहे. आधीच आकडा त्याच्या पलीकडे गेलेला असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या केबलमध्ये आहे आणि तो दूर होण्याआधी घरात नवा जोड वाढवू नये.

या आकड्याच्या संदर्भात एक गैरसमज नेहमी आढळतो. केबल वीस-तीस मीटरने वाढली म्हणजे नेट मंद होईल, अशी भीती लोकांना वाटते. प्रत्यक्षात फायबरच्या काचेत प्रकाशाची घट एका किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल एवढीच असते, त्यामुळे घरातल्या तीस मीटरांनी मोजण्याजोगा फरकही पडत नाही. फरक पडतो तो जोडांनी आणि वळणांनी. कपलरने, म्हणजे दोन टोके समोरासमोर धरणाऱ्या तुकड्याने, जोडलेल्या एका जोडात ०.२ ते ०.५ डेसिबल जातात, आणि कोपऱ्यात करकचून वाकवलेली केबल एकटीच तीन डेसिबल, म्हणजे निम्मा प्रकाश, गिळू शकते. साध्या फायबरची गोलाई ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा कमी होऊ नये, म्हणजे पाण्याच्या पेल्याभोवती गुंडाळता येईल एवढी तरी ती असावी. जी.६५७ए२ प्रकारचे फायबर ७.५ मिलिमीटरपर्यंतचे वळण सोसते, आणि घरातल्या कोपऱ्यांसाठी चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावे.

खरेदीत आणखी एक गोष्ट पाहायची ती कनेक्टरच्या रंगाची. हिरवा म्हणजे एससी-एपीसी, ज्याचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असते; निळा म्हणजे एससी-यूपीसी, ज्याचे टोक जवळजवळ सरळ असते. दोन्ही एकमेकांत सहज बसतात, आणि धोका नेमका तिथेच आहे: हिरव्याला निळा जोडला की दोन टोकांमध्ये फट राहून प्रकाश वाया जातो आणि टोकेही खराब होतात. ओएनटीच्या तोंडाचा रंग पाहून त्याच रंगाची, दोन्ही टोके तयार असलेली पॅचकॉर्ड आणि त्याच रंगाचा कपलर आणावा. सीसीटीव्हीचे सामान विकणाऱ्या दुकानांत हे मिळते. लांबी मोजून तिच्यात दोन-तीन मीटर अधिक धरावे. उरलेले वेटोळे करून ठेवता येते, कमी पडलेले वाढवता येत नाही.

मार्ग ठरवताना आपल्याकडचे ऊन विसरून चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि साध्या ओएनटीची कामाची मर्यादा बहुधा ४० ते ४५ अंशांचीच असते. म्हणून पत्र्याखालची खोली किंवा पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी आणि नव्या जागेचा प्लग इन्व्हर्टरवर आहे ना, हेही पाहून घ्यावे. घरातली पांढरी पॅचकॉर्ड उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत तडकते, त्यामुळे ती गच्चीवरून नेऊ नये. मी चोपड्याला बहिणीकडे नेमके तेच केले होते, आणि एप्रिलमध्ये तिचा फोन आला, “दादा, रात्री नेट नीट चालतं आणि सकाळी नऊ वाजले की जातं.” कंपनीच्या माणसाला त्यात काही सापडेना. मी गेलो तेव्हा आकडा उणे २६.८ दाखवत होता. वर गच्चीत पाहिले, तर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालण्यासाठी रोज सकाळी मांडलेल्या खाटेचा एक पाय बरोबर केबलवर होता. खाट हातभर सरकवली आणि खाली आकडा उणे २०.३ वर आला. त्यानंतर ती केबल काढून जिन्यातून, २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून नेली.

भिंतीतून जाताना कनेक्टरचा आकार आडवा येतो. एससी कनेक्टर सुमारे नऊ मिलिमीटर रुंद आणि चौकोनी असल्यामुळे कोपरे धरून १२ मिलिमीटरचे भोक अडचणीचे होते. १४ किंवा १६चे पाडावे. मातीच्या भिंतीत ड्रिल चालवले तर भोक ढासळत मोठे होत जाते, त्यापेक्षा दाराच्या किंवा खिडकीच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यातून वाट काढणे बरे. भोक बाहेरच्या भिंतीत असेल, तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि केबल आत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून घरात न येता झोळावरून गळून जाते. ओढताना कनेक्टरला दोरी बांधू नये. टोपण घातलेल्या टोकाच्या मागे केबलच्या अंगाला चिकटपट्टीने दोरी लावून हळू ओढावे. खिळ्यांच्या क्लिपा ठोकण्यापेक्षा पट्टीचे केसिंग चांगले, कारण हातोडीचा एक चुकलेला घाव आतली काच चिरडतो आणि वरून काहीच दिसत नाही.

जोडण्याच्या वेळी डब्याचा वीजपुरवठा बंद करावा आणि लाइनच्या उघड्या टोकात चुकूनही पाहू नये; १४९० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजणे चूक आहे. टोपण अगदी शेवटच्या क्षणी काढावे. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो, आणि आमच्याकडच्या वाऱ्यातल्या धुळीचा एक कणही त्याला पुरता झाकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने टोक एकाच दिशेने पुसावे आणि मग कोरड्या कागदाने पुन्हा एकदा. सदऱ्याच्या कडेने पुसण्याचा मोह आवरावा. कनेक्टर कपलरमध्ये ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत सरळ दाबावा.

टोक तुटलेलेच असेल आणि केबल चपटी असेल, तर फास्ट कनेक्टर, म्हणजे हातानेच बसवायचे नवे टोक, लावता येतो. त्यासाठी वरचे आवरण सोलावे, आतले २५० मायक्रॉनचे रंगीत लेपन स्ट्रिपरने काढून १२५ मायक्रॉनची काच अल्कोहोलने पुसावी, कनेक्टरबरोबर येणाऱ्या मापपट्टीवर ठेवून ती क्लीव्हरने, म्हणजे काच सरळ कापणाऱ्या हत्याराने, कापावी आणि आत किंचित फुगवटा येईपर्यंत सरकवून कुलूप दाबावे. सगळे यश क्लीव्हरच्या कापण्यावर अवलंबून असते, कात्रीने हे होत नाही. आणि एका टोकासाठी क्लीव्हर विकत घेण्यापेक्षा ते काम केबलवाल्या मुलाला पैसे देऊन करून घ्यावे, असे माझे मत आहे. काचेचे कापलेले तुकडे चिकटपट्टीवर वेचून गुंडाळून टाकावेत, कारण फरशीवर पडलेला तुकडा दिसत नाही आणि पायात शिरलेला सहज निघत नाही.

डबा चालू केल्यावर ‘पॉन’चा, म्हणजे जोडणी लागल्याचा, दिवा स्थिर हिरवा व्हावा आणि ‘एलओएस’चा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा विझावा. लाल दिवा राहिलाच, तर आधी टोके पुन्हा पुसावीत आणि मग वळणे तपासावीत; बहुतेक वेळा तेवढे पुरते. मग आकडा पुन्हा पाहावा. एक जोड वाढला असता अर्ध्या-पाऊण डेसिबलची घट रास्त आहे. दोन डेसिबलांची घट दिसली, तर केबल कुठे तरी दाबली गेली आहे. शेवटी कागदाच्या चिठ्ठीवर तारीख आणि नवा आकडा लिहून ती टर्मिनेशन बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवावी. आमच्या बॉक्समधल्या चिठ्ठीवर ‘उणे १९.४, नंतर उणे १९.९’ असे लिहिले आहे, आणि मागच्या पावसाळ्यात नेट गेले तेव्हा दुरुस्तीला आलेल्या मुलाने सगळ्यात आधी तीच वाचली.