दाराचा बाथटब घेण्याआधी बादलीने करायची चाचणी

घरातील ज्येष्ठांसाठी बाजूला दार असलेला बाथटब घ्यावा का, हे दुकानात नव्हे, तर आपल्याच न्हाणीघरात ठरवावे.

या टबमध्ये आधी आत जाऊन बसावे लागते, दार लावावे लागते आणि मगच पाणी सोडता येते. बाहेर पडतानाही सगळे पाणी वाहून जाईपर्यंत ओल्या अंगाने थांबावे लागते. म्हणून २० लिटरची बादली नेहमीच्या नळाखाली भरण्यास किती मिनिटे लागतात ते पाहावे आणि त्याला १० ने गुणावे, कारण अशा टबला साधारण २०० लिटर पाणी लागू शकते. बादलीला २ मिनिटे लागली, तर टबला २० मिनिटे लागतील. तितका वेळ आई-वडिलांना उघड्या अंगाने बसवेल का, हे त्यांनाच विचारावे.

मुंबईत सर्रास दिसणाऱ्या २५ लिटरच्या गीझरमधून एका वेळी कोमट पाणी फार तर पाऊणशे लिटर मिळते, हेही हिशेबात धरावे. न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजावी. भरलेल्या टबचे वजन माणसासह पाव टनाच्या पुढे जात असल्याने जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

उत्तर नकारार्थी आले, तर स्नानाची खुर्ची, हातातला शॉवर आणि भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे माझ्या मते अधिक उपयोगी ठरतात. दांडे मात्र रबरी चोषकाने (सक्शन कपने) चिकटवलेले नसावेत. शरीराचा भार पडताच ते सुटू शकतात.