छत, पत्रा की काळी माती? नेटची छत्री बसवताना या चुका टाळा

गेली सोळा वर्षं मी परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर या पट्ट्यात छत्र्या, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या डिश, बसवतो. सुरुवात टीव्हीच्या छत्रीपासून झाली, मग बँकांच्या शाखा आणि पेट्रोल पंप आले, आता घरं. २०२५ च्या जूनमध्ये उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला तेव्हापासून शेतवस्तीवरून फोन वाढलेत. स्पीड किती, महिन्याला किती, हे सगळे विचारतात. छत्री कशावर उभी करायची, हे कोणीच विचारत नाही. आणि मला दुरुस्तीला जी बोलावणी येतात त्यातली बहुतेक तिथलीच असतात.

आधी काळ्या मातीचं बोलतो, कारण ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पत्र्याचं घर असतं, म्हणून पाईप जमिनीत रोवायचं ठरतं. दोन फुटांचा खड्डा, त्यात पाईप, वरून घमेलंभर काँक्रीट, झालं काम. मे महिन्यात ही जमीन दगडासारखी लागते, त्यामुळे पाईप हलवून बघितला तरी हलत नाही आणि सगळे खूश होतात. पण काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. मे महिन्यात ज्या भेगेत हात जातो, ती भेग जुलैत शोधूनही सापडत नाही. दोन फुटांवरचं काँक्रीट या मातीबरोबर वरखाली होतं, आणि सगळीकडून सारखं होत नाही, एका अंगाला कलतं.

गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठच्या एका गावात घरातच ग्राहक सेवा केंद्र चालवणारे एक दादा आहेत. त्यांच्याकडे १.२ मीटरची छत्री अशीच अंगणात रोवलेली होती. जूनमध्ये नेट गेलं, कोणीतरी येऊन छत्री फिरवून दिली. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलं, पुन्हा फिरवली. दिवाळीनंतर जमीन वाळायला लागली आणि तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा मला बोलावलं.

"पाऊस आला की नेट जायलंय म्हणून ढगाचं कारण सांगायले सगळे," दादा म्हणाले. "आता तर आभाळ कोरडं हाय."

ढगाचं कारण अर्धंच खरं. जोरदार सरीत या छत्र्यांचा सिग्नल पडतो, पण सर ओसरली की आपोआप परत येतो. परत आला नाही तर दोष आभाळात शोधू नका, पाईपकडे बघा. मी पिशवीतून ओळंबा काढला, म्हणजे दोरीला गोळा लटकवून सरळ उभं बघायचं गवंड्याचं साधन. सिग्नलचा मीटर नंतर, ओळंबा आधी, ही माझी सवय आहे. वरची चकती पाईपच्या डोक्याला टेकवली आणि गोळा सोडला. सहा फूट खाली गोळा आणि पाईप यांच्यात तीन बोटं सहज जात होती. हे अंतर किती मोठं आहे बघा: सहा फुटांच्या पाईपचं डोकं तीन सेंटिमीटर सरकलं की छत्री एक अंशानं कलते. १.२ मीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम सव्वा अंशाचा असतो आणि उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तीन बोटं म्हणजे नेम पार चुकला.

मी छत्री फिरवून दिली नाही. ती उतरवली आणि पाईप उपटायला लावला. साडेचार फुटांवर मुरूम लागला, तिथपर्यंत खोदलं. दोन इंची जाड जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप घेतला, त्याच्या तळाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड केला, म्हणजे वाऱ्यानं पाईप जागच्या जागी गरगरत नाही. खालचं काँक्रीट मुरमात बसवलं, वरची काळी माती बाजूला टाकून पाईपभोवती मुरूम दाबला आणि माथ्याला उतार दिला, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही. मग सांगितलं, सात दिवस पाणी मारा, छत्री त्यानंतर.

"सात दिस? काम बंद ठेवू का मी?"

वाद झाला. मी ऐकलं नाही. त्यांना खर्च आला साडेसहा हजार. पहिल्या पाईपला बाराशे लागले होते आणि तीन फेऱ्यांचे पैसे वेगळे. ज्यांना आजच्या आज चालू करून हवं असतं त्यांना मी आता सरळ सांगतो, दुसरा माणूस बघा. ओल्या काँक्रीटवर छत्री चढवणार नाही.

स्लॅबचं घर असेल तर जमिनीत जाऊच नका, खर्च सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. कॉलमला किंवा बीमला ब्रॅकेट, चार अँकर बोल्ट, मजुरी, सगळं हजार-बाराशेत होतं. पण लोक कॉलम सोडून कठड्याला बोल्ट मारतात, कारण तिथे हात पोचतो. चार इंची विटांच्या कठड्यात अँकर कसला की तो आतून फुगतो आणि वीट फोडतो. त्या दिवशी काही दिसत नाही. ड्रिल मारताना भुकटी बघा. प्लास्टरचा थर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट आहे, थांबा. राखाडीच येत राहिली तर काँक्रीट. दुसरा इलाजच नसेल तर कठड्याच्या आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्या, तेही फक्त लहान छत्रीला.

वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. आयएस ८७५ या मानकात औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, ताशी १४० किलोमीटर. त्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या छत्रीला तीस किलोच्या आसपास रेटा बसतो. १.२ मीटरच्या छत्रीला तोच सव्वाशे किलो होतो, कारण व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. वळवाच्या वाऱ्यात कठड्याच्या तीन विटांसकट खाली आलेली छत्री मी लातुरात उचलली आहे. केबलला लोंबकळत ती शेजारच्या पत्र्यावर पडली होती. खाली बाज होती, नशीब की त्या वेळी बाजेवर कोणी नव्हतं.

पत्र्याला थेट बोल्ट मारू नका. पत्रा थरथरतो, भोक मोठं होतं आणि पहिल्याच पावसात खाली बादली ठेवावी लागते. पत्र्याखालच्या अँगललाही मी बांधत नाही, भिंत पक्की असेल तर भिंतीचा ब्रॅकेट घेतो.

भोक पाडायचंच नसेल तर सपाट स्लॅबवर अँगलचा चौकोनी स्टँड आणि त्यावर वाळूच्या गोण्या. अडीच ते साडेतीन हजारांत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत चाळीसेक किलो वाळू बसते. लहान छत्रीला चार गोण्या घाला, दोन नाही. आणि दरवर्षी गोण्या बदला, उन्हानं त्यांचं सूत पिठासारखं होतं.

माळवदाच्या घराबद्दल वेगळं सांगतो. लाकडी तुळया, फळ्या आणि वर फूट-दीड फूट माती. हे छत उन्हाळ्यात घर गार ठेवतं, पण त्यावर आणखी वजन चढवायचं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच छतं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मी माळवदावर ना गोण्या ठेवतो, ना भोक पाडतो. अंगणात पाईप उभा करतो, मुरमापर्यंत जाऊन.

दुसरा हट्ट उंचीचा. "टाकीच्या वर बसवा, रेंज चांगली येईल." ही मोबाइलच्या टॉवरची समजूत आहे. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. लातुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून ६१ अंश वर दिसतो, म्हणजे छत्री जवळजवळ आभाळाकडेच बघते. दहा फुटांवरचं झाड तिच्यापेक्षा अठरा फूट उंच असेल तरच आड येतं. टाकीवर चढवून हाती येतो तो वारा, वीज आणि दुरुस्तीला वर न पोचणारा माणूस. स्टारलिंकच्या सपाट, पाटीसारख्या छत्रीचं गणित निराळं. तिचे उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून पळत असतात, तिला बरंच मोठं आभाळ मोकळं लागतं आणि मधे आलेली प्रत्येक फांदी काही सेकंद खाते. तिच्यासाठी चार फूट वर जाणं समजू शकतो, पण आधी जागा बदलून बघा.

झाड बघताना महिना बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंब पान गाळतो, तेव्हा सगळीकडून आभाळ दिसतं. पावसाळ्यात तीच फांदी भिंत होते.

दिशा बघायला मोबाइलचं होकायंत्र पाईपला चिकटवून धरू नका, लोखंड त्याला फसवतं. दहा पावलं लांब जा.

केबल घरात शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं, आत जात नाही. कनेक्टरला आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, साधी काळी टेप आमच्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते.

पाईपला अर्थिंग द्याच. आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. मीठ-कोळशाचा खड्डा करा आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओता, कोरडी माती वीज घेत नाही. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, केबलही काढा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि रोज काही मिनिटं सिग्नल जातो. त्या दिवसांत नटाला पाना लावू नका, आपोआप येतो.

काम संपलं की मी पाईप आणि छत्रीचा क्लॅम्प दोन्हींवरून जाईल अशी ऑइलपेंटची एक लाल रेघ ओढतो, म्हणजे क्लॅम्प सरकला की रेघ तुटलेली दिसते, आणि ओळंबा लावून फोटो काढतो. मालकाला सांगतो, पहिला मोठा पाऊस झाला की याच जागेवरून, ओळंबा लावून, फोटो पाठवा. गंगाखेडच्या दादांचा फोटो जूनमध्ये आला. अंगणभर चिखल होता, गोळा पाईपला लागून होता आणि रेघ सलग होती.