काळ्या रानातला शोषखड्डा

मी गवंडीकाम करतो. माझा पहिलाच शोषखड्डा, म्हणजे मोरीचं सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, चौथ्या महिन्यात तुंबला. घर आत्याचं, मंगळवेढ्याच्या बाजूचं, पायाखाली ज्वारीची काळी. चार बाय चार बाय चार फूट, दगड भरलेले, सगळं मापात. सप्टेंबरात पाऊस लागला आणि मोरीचं पाणी उलटं न्हाणीत आलं. आत्या म्हणाली, "बाळा, आधी निदान दाराबाहेर तरी जात हुतं."

माप बरोबर होतं, माती चुकली होती. काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वाटतं कितीही पाणी पिईल. भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून आपल्याकडं चार फुटांवर थांबायचं नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचं. कुदळीच्या आवाजावरून कळतं: काळीत धप्प, मुरमात खर्र. खर्र आल्यावर आणखी फूटभर खाली जा.

दगड टाकायच्या आधी तळाची परीक्षा घ्या. तळात वीतभर रुंद, फूटभर खोल भोक पाडा. संध्याकाळी पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी परत अर्धं भरा, काडीवर खूण करा आणि घड्याळ घेऊन बसा. अर्ध्या तासात इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर खड्ड्याचा नाद सोडा, चर काढून पाणी परसात न्या आणि केळी, कर्दळ, अळू लावा. तळात आपसूक पाणी पाझरून साचत असेल, तरी तिथं शोषखड्डा नकोच.

जागा विहीर-बोअरपासून निदान ५० फूट लांब धरा. भिंतीपासून सहा फूट तरी सोडा, कारण पायालगतची काळी भिजत-वाळत राहिली की भिंतीला तडे जातात. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, त्याचे खड्डे वेगळे.

आता हिशेब. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांचं २७५, त्यातलं २०० लिटरच्या आसपास मोरीतून बाहेर पडतं. चार फुटी खड्डा रिकामा असताना १,८०० लिटरचा, पण दगड भरल्यावर फटींमध्ये ७०० लिटरच मावतं. म्हणजे तीन दिवसांची सोय, बाकी मुरलंच पाहिजे.

भरताना खाली डोक्याएवढा डबर, वर मुठीएवढे दगड, शेवटी खडी. माती लागलेला दगड धुऊनच टाका. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवली तर पाणी चारी बाजूंना पसरतं. वर गोणपाट अंथरून माती ओढा.

पण खड्डा टिकतो तो त्याच्या आधीच्या कुंडीमुळं. लोक हीच गाळतात, "तेवढ्यासाठी विटा कशाला" म्हणून. मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये बादलीभर मापाची कुंडी बांधा, पाणी आत येतं तिथं जाळी लावा. खड्ड्याकडं जाणाऱ्या पाइपाला कुंडीच्या आत एल्बो (काटकोनी जोड) लावून तोंड पाण्याखाली, पण तळापासून चार बोटं वर ठेवा. तेल, साबणाचा फेस वर तरंगत राहतो, राख-माती खाली बसते, मधलं पाणी तेवढं पुढं जातं. आमच्याकडं भांडी राखेनं घासतात, त्यामुळं तळाशी आठवड्यात चार बोटं गाळ बसतो. एल्बोचं तोंड बुजायच्या आत तो उपसा.

कुंडीला झाकण घट्ट हवं. हत्तीरोगाचा डास अशाच घाण पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला कुंडी उपसायची. आत्याकडं तो दिवस बुधवारचा, आणि गाळ जातो लिंबाच्या आळ्यात.

काही वर्षांनी दगडांवर चिकट थर धरतो, पाणी रेंगाळायला लागतं. तेव्हा नवा खड्डा काढू नका. मे महिन्यात दगड बाहेर काढा, धुवा, आठ दिवस उन्हात टाका, तळ खरवडा आणि तेच दगड परत भरा. आत्याच्या दुसऱ्या खड्ड्याचे मी एकदा असेच काढले. आठ दिवस अंगणात चालायला जागा नव्हती, आणि त्याचं बोलणं मी अजून खातोय.