गेलेल्या मुलांसाठी एक संध्याकाळ कशी ठरवावी

मोठं माणूस गेलं की दिवस होतात, श्राद्ध होतं. तान्ह्या बाळाला बहुतेक हिंदू घरांत पुरतात आणि बाकीचे विधीही थोडक्यात आटोपतात. आईला पुष्कळदा तिथवर नेतही नाहीत. मग आठवण काढायला हक्काची तिथीच उरत नाही. ती वस्तीनेच ठरवावी.

दिवस. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता जगभर अशा मुलांसाठी दिवे लावतात; १९९७ पासूनची ही प्रथा. सोलापूरला तो दिवस बरा, कारण जानेवारीत सगळं गाव गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत असतं. विड्या वळणाऱ्या बायांना विचारून वेळ पक्की करा.

बोलावणं. ग्रुपवर मेसेज टाकून भागवू नका. दोघांनी घरी जावं, शक्यतो त्यातलं एक जण स्वतःचं मूल गमावलेलं असावं. "काकू, रविवारी मुलांची नावं घेणार आहोत. तुमच्या बाळाचं घेऊ का?" एवढंच विचारा. नाही म्हणाल्या तर चहा पिऊन उठा. पोटातच गेलेल्या बाळांनाही धरा, आणि बापाला वेगळं विचारा. त्याला सहसा कुणी विचारत नाही.

नावं. खरं काम इथे आहे. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू नावं येतील, कुठे कन्नड, कुठे उर्दू. वाचणाऱ्याने प्रत्येक नाव घरच्यांकडून म्हणवून घ्यावं, घरात हाक मारायचे तसंच. बारसं झालंच नसेल तर आई सांगेल ते म्हणा.

मांडणी. समाजमंदिराचा हॉल पुरे. आपल्याकडे चार माणसं जमली की फ्लेक्स, माईक आणि सत्कार येतोच. इथे तिन्ही नकोत. मातीच्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर तेल पितात. पंखे बंद ठेवा. एक नाव, एक पणती. लावायला भावंडं पुढे येत असतील तर येऊ द्या. कुठल्याच धर्माची प्रार्थना सगळ्यांवर लादू नका. पणत्या तलावात सोडू नका.

बोलणं. "दुसरं होईल", "देवाला आवडलं" हे कुणी म्हणू नये, हे आधीच सांगून ठेवा. मुलाबद्दल विचारा: काय आवडायचं, कुणासारखं दिसायचं?

कुणी फारच खचलेलं दिसलं तर त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर द्या, जमल्यास शेजारी बसून लावून द्या. निघताना प्रत्येक घराकडून मुलाची वाढदिवसाची तारीख लिहून घ्या, आणि त्या दिवशी फोन कोण करणार तेही तिथेच ठरवा.