मसाई मारातील कॅम्प निवडताना

केनियातील मसाई मारा येथे जायचे असल्यास कॅम्पच्या छायाचित्रांआधी नकाशा पाहावा. राष्ट्रीय अभयारण्याच्या आत रात्रीची सफारी करता येत नाही आणि पायी फिरण्यासही मुभा नसते. याउलट सीमेलगतच्या नाबोइशो, मारा नॉर्थ यांसारख्या खासगी संवर्धनक्षेत्रांत, जिथे स्थानिक मसाई जमातीच्या जमीनमालकांना भाडे मिळते, या दोन्ही गोष्टी करता येतात आणि एका प्राण्याभोवती जमणाऱ्या गाड्यांवर मर्यादा असते. दर अर्थातच जास्त असतात, पण माझ्या मते दोन रात्री कमी करून तिथे राहणे अधिक समाधानाचे ठरते.

विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडताना पाहायचे असतील, तर साधारणतः जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा आणि नदीपासून कॅम्प किती दूर आहे हे विचारावे. मात्र कळप कधी उतरतील याची हमी कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बहुतेक कॅम्पांना कुंपण नसते, म्हणून लहान मुले सोबत असल्यास वयाची अट आधीच विचारावी. शाकाहारी किंवा जैन भोजन हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने जाणाऱ्यांना सहसा १५ किलोच सामान नेता येते, तेही मऊ पिशवीत. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र तपासले जाते.