माहितीपट पटवतो कसा, ते लिहायचं कसं

माहितीपटाचं विश्लेषण लिहायला सांगितलं की पहिल्या खेपेला जवळजवळ सगळेच विषयावर लिहितात. धरणावरचा माहितीपट असेल तर विस्थापितांवर दोन पानं आणि शेवटी ‘दिग्दर्शकाने समस्या प्रभावीपणे मांडली आहे’. ती कशी मांडली, हे सांगायचं राहूनच जातं आणि मार्क नेमके तिथेच जातात. मी ठाण्यात मास मीडिया केलं. आता ऐरोलीच्या एका ऑफिसात कंपन्यांच्या सीएसआर फिल्म (म्हणजे त्यांच्या समाजकार्यावरच्या फिल्म) लिहिते, म्हणजे लोकांना पटवायचं काम पगार घेऊन करते. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत झाल्या आहेत.

आधी वही. पानावर तीन रकाने आखा: वेळ, काय दिसलं-ऐकलं, आणि आपल्याला काय वाटलं. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात, कारण ‘वाटणं’ अभ्यासात बसत नाही असा समज असतो. खरं तर सगळा माल तिथेच सापडतो. समजा, तुम्ही लिहिलंत, ‘अधिकाऱ्याचा राग आला.’ आता मागे जाऊन पुन्हा बघा. तो तर साधं ‘प्रस्ताव पाठवलाय’ एवढंच म्हणतोय. पण कॅमेरा खालून लावलाय, मध्ये भलंमोठं टेबल आहे, एसीची घरघर मुद्दाम ठेवली आहे आणि त्याच्या आधीच्या शॉटमध्ये एक बाई कोरड्या हापशाचा दांडा मारत होती. राग त्या जोडणीतून आला. हे एवढं लिहिलंत तरी अर्धं विश्लेषण झालं.

तोच प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा स्क्रीनकडे पाठ करून नुसता ऐका. घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

आवाजाची ताकद मला कळली ती ठाणे खाडीमुळे. कॉलेजात आमच्या ग्रुपने फ्लेमिंगोंवर छोटी फिल्म केली होती. गुलाबी थवा, मागे इमारती, एकच लांब शॉट. त्याखाली बासरी टाकली, तर निसर्गाचं वैभव. बासरी काढून पुलावरच्या ट्रकांचा आवाज टाकला, तर त्याच थव्याची काळजी वाटायला लागली. तथ्यं दोन्हीकडे खरी होती. इथे 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दुसरीकडे, हे पक्षी ज्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यामुळे फोफावतं, असंही अभ्यासक सांगतात. म्हणजे तो गुलाबी रंग वैभवाचा पुरावा म्हणून दाखवता येतो आणि घाणीचाही. कोणतं वाक्य कोणत्या शॉटवर येतं, त्यावर प्रेक्षक काय घेऊन घरी जाणार हे ठरतं. माहितीपटातली बाजू बहुधा अशीच, खोटं न बोलता घेतली जाते.

अ‍ॅरिस्टॉटलची त्रयी, म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, भावना आणि तर्क, अभ्यासक्रमात असतेच. नुसती लेबलं चिकटवू नका. तिन्ही एकमेकांत कुठे मिसळतात ते शोधा. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा 2006 मधला हवामानबदलावरचा माहितीपट ‘अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ घ्या. कार्बन डायऑक्साइडचा आलेख भविष्यात कुठे पोचेल हे दाखवताना ते चक्क यांत्रिक लिफ्टवर चढून वर जातात. आकडा हा तर्क, पण मान वर करून बघताना पोटात गोळा येतो तो त्या लिफ्टमुळे. पुढे 2007 मध्ये हा माहितीपट शाळांत दाखवावा का, हा वाद इंग्लंडच्या हायकोर्टात गेला. न्यायाधीशांनी मुख्य वैज्ञानिक मांडणी ढोबळमानाने बरोबर मानली, नऊ मुद्द्यांवर आक्षेप नोंदवले आणि शाळांत दाखवताना सोबत मार्गदर्शक टिपणं हवीत असं ठरलं. फिल्म आणि निकाल शेजारी ठेवून अभ्यास करा, शिकवणीची गरज पडणार नाही.

जुनं काही हवं असेल तर फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट काढणारी सरकारी संस्था. 1948 पासूनच्या त्यांच्या फिल्म्समधला तो भारदस्त निवेदक ऐका. तो कोण, कुठून बोलतोय, काही पत्ता नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नाही. (माझे बाबा आजही तो आवाज लागला की सावरून बसतात.) मग ज्यात दिग्दर्शकाचे प्रश्न कॅमेऱ्यामागून ऐकू येतात असा एखादा नवा माहितीपट बघा. तिथे विश्वास वेगळ्या वाटेने मिळवलेला असतो: ‘मीही गोंधळलोय, चला बघू या.’ हीसुद्धा युक्तीच, आणि मला विचाराल तर जास्त बेरकी.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: मग हा माहितीपट खोटा म्हणायचा का? घाईने हो म्हणू नका. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी इनुइट लोकांवरच्या 1922 च्या ‘नानूक’साठी इग्लू (बर्फाचं घर) एका बाजूने उघडा ठेवला, कारण आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नव्हता. त्याच फिल्ममध्ये बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाल्यांनी शिकार करायला लावली. पहिली तांत्रिक सोय. दुसरीने मात्र एक जितीजागती जमात भूतकाळात ढकलली. हा फरक करून दाखवलात की परीक्षक पुढचा प्रश्न विचारतात. सबमिशनमध्ये प्रत्येक दाव्यापुढे मिनिट-सेकंद लिहा आणि फिल्मची कोणती आवृत्ती पाहिली तेही नोंदवा. ऑनलाइन कापलेल्या प्रती फार फिरतात.