रास्पबेरी पायचं तापमान दाखवणारा छोटा पडदा

माझा रास्पबेरी पाय ४ (एका पाटीवरचा छोटा संगणक) कपाटामागे चालू असतो, त्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. तो किती तापलाय हे येता-जाता दिसावं म्हणून मी त्याला ०.९६ इंची ओलेड (ठिपके स्वतःच उजळणारा) पडदा जोडला.

वायरी चारच, पण पिनांशेजारची अक्षरं वाचल्याशिवाय एकही लावू नका. माझ्याकडची दोन मॉड्यूल दिसायला अगदी जुळी. एकावर पहिली पिन जीएनडी (ग्राउंड), दुसऱ्यावर व्हीसीसी (वीज आत येते ती). मी एकदा न बघता जोडलं, पडदा बोटाला चटका बसेल इतका तापला आणि कायमचा गेला. पाय बंद करा, मगच जोडा: व्हीसीसी १ नंबरच्या पिनला (३.३ व्होल्ट), एसडीए (माहितीची वायर) ३ला, एससीएल (क्लॉकची वायर) ५ला, जीएनडी ६ला.

पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून आयटूसी (पाय आणि पडदा ज्या पद्धतीने बोलतात ती) चालू करा. आयटूसी-डिटेक्ट या कमांडने १ नंबरची बस (आयटूसीचा मार्ग) तपासली की तक्त्यात बहुतेक वेळा ३सी (पडद्याचा पत्ता) उमटतं. काहीच उमटलं नाही, तर प्रोग्रॅमच्या मागे लागू नका, वायरी बघा.

पायथॉनची लूमा-ओलेड लायब्ररी मला सोपी पडते. पडदा चालवणारी चिप मात्र तिला बरोबर सांगा. छोट्या पडद्यात सहसा एसएसडी१३०६ असते, १.३ इंचीत बऱ्याचदा एसएच११०६. चुकलं की पडदाभर ठिपकेच ठिपके दिसतात. तापमान पायवरच्या थर्मल झोन शून्य या फोल्डरमधल्या 'टेम्प' फाईलमध्ये मिळतं: ४८३१२ असेल तर हजाराने भागा, ४८.३ अंश.

आता दाखवायचं काय? १२८ बाय ६४ ठिपक्यांत आयपी, मेमरी, डिस्क सगळं कोंबता येतं, पण लांबून त्यातलं काहीच वाचता येत नाही. मी तापमान मोठ्या आकड्यांत ठेवलंय; ८० अंशांना पाय ४ स्वतःचा वेग कमी करायला लागतो. खाली एकच ओळ, व्हीसीजेनसीएमडी या कमांडच्या 'गेट थ्रॉटल्ड'चं उत्तर: वेग किंवा व्होल्टेज कमी पडलंय का ते सांगणारा कोड. ही ओळ ठेवाच. माझा पाय मध्येच मंदावायचा आणि मी उष्णतेला दोष देत पंखे बदलत होतो. पडद्यावर तापमान ५२ आणि खाली ०एक्स५०००० दिसलं, तेव्हा कळलं: सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलंय. पॉवरची केबल बारीक होती. ती बदलून पाय पुन्हा सुरू केला, तेव्हापासून तिथे ०एक्स० (काहीच अडचण नाही) आहे.

आकडे पाच सेकंदांनी बदलले तरी पुरतात. ओलेडवर एकाच जागी उजळलेले ठिपके हळूहळू फिके पडतात, म्हणून मजकूर दर मिनिटाला दोन-तीन ठिपके सरकवा आणि रात्री पडदा बंद ठेवा.